हजारी कारंज्यापासून हौदापर्यंत

शहर दाखवणारी बस शतकं रस्त्याच्या सोयीनं लावते. कुठं एकेरी वाहतूक आहे, कुठलं ठिकाण कुठल्या वारी बंद असतं, जेवणाची सोय कुठं होते, यावर तिचा क्रम ठरतो. म्हणून पुण्यात सकाळी 1732 सालच्या वाड्यात उतरलेला प्रवासी दुपारच्या आत 1944 सालाच्या दाराशी उभा असतो आणि मधे कुठंतरी 1794 मध्ये पाणी पिऊन, डोक्यावरची टोपी सारखी करून परत आपल्या खिडकीशी येऊन बसतो. शाळेच्या पुस्तकात जी माणसं वेगवेगळ्या धड्यांत राहिली, ती इथं एका दिवसात एकमेकांच्या मागोमाग भेटतात. मला हा क्रम फार आवडतो.

पुण्यात राहणारी माणसं या बसमध्ये सहसा बसत नाहीत. पाहुणे आले की त्यांचं तिकीट काढून द्यायचं, सकाळी थांब्यावर सोडायचं आणि संध्याकाळी विचारायचं, ‘काय काय पाहिलंत?’ मी मात्र पाहुण्यांबरोबर गेले, आणि बसभर पाहुणेच होते. निलंग्याकडचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, जळगावकडचं लग्नाला आलेलं मोठं कुटुंब, शेवटच्या बाकावर परीक्षेसाठी आलेली तीन मुलं. गाईडदादा तरुण होता. माईक हातात असूनही तो वळून, माणसांच्या तोंडाकडे बघून बोलत होता. रोज तेच सांगूनही त्याच्या आवाजात कंटाळा नव्हता. ज्याला आपलं गाव असं रोज नव्यानं सांगता येतं, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

शनिवारवाड्यात सगळ्यांना एकच जागा बघायची असते. 30 ऑगस्ट 1773 ला मारेकरी मागं लागलेले असताना नारायणराव पेशवे कुठून धावले, कुठं पडले? दादानं हात करून दाखवलं, आणि जळगावच्या काकू पदर डोक्यावर घेऊन तिथं क्षणभर उभ्या राहिल्या. अठरा वर्षांचं पोर होतं, एवढंच म्हणाल्या. अडीचशे वर्षांनंतरही कुणाला त्या पोराचा कळवळा येतो. थोरल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 ला पाया घातला, दोन वर्षांत वास्तुशांत झाली, 16,110 रुपये खर्च आला, आणि 1828 च्या आगीत आतलं सगळं गेलं. हे आकडे ऐकून घेतले जातात. त्या धावण्याची गोष्ट मात्र लोक बरोबर घेऊन जातात.

मी रेंगाळले ती हजारी कारंज्यापाशी. सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ. त्या दिवशी त्यात पाणी नव्हतं, पण पूर्वी तिथं नाचलेलं पाणी आठ-दहा किलोमीटरवरच्या कात्रजहून यायचं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमाराला, कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून दगडी नळ शहरात आणला. माणूस आत उभा राहून चालू शकेल एवढा तो ऐसपैस. मधे मधे हवेसाठी उच्छ्वास बांधले आणि पेठांमध्ये हौद. ना पंप, ना चाक. नुसत्या उतारावर पाणी चालत आलं आणि वाड्यात येऊन उसळलं. पुण्यातल्या कितीतरी घरांच्या पायांखालून ती वाट आजही जाते. मला राजवाड्याच्या भिंतींपेक्षा ही वाट मोठी वाटते, कारण भिंतींनी माणसं बाहेर ठेवली आणि पाणी पेठेपेठेत पोचलं.

केळकर संग्रहालयात गाईडदादाला फारसं बोलावंच लागलं नाही. दिनकर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारे. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला आणि त्याच्या नावानं त्यांनी हे घर भरलं. गावोगाव, बाजारात, जुन्या वाड्यांत फिरून वस्तू जमवल्या, वीस हजारांवर नेल्या आणि 1975 मध्ये सगळ्या सरकारच्या स्वाधीन केल्या. अडकित्ते, समया, करंडे, पाय घासायच्या वज्री. कोथरूडचा मस्तानी महाल तर उचलून आणून आत पुन्हा उभा केलेला. पण गुरुजींच्या पत्नी महालात थांबल्या नाहीत. त्या वज्रींच्या कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि पाठीमागच्या अनोळखी मुलींना सांगू लागल्या, ‘आमच्या आत्याबाईंकडं अशीच होती बघा, वर मोर होता. नहाणीत ठेवायच्या.’ मग काकू बोलल्या, मग आणखी कुणी. काचेच्या अलीकडं एक वेगळंच संग्रहालय उघडलं, आणि मला वाटतं केळकरांना हेच हवं असणार. बापानं मुलासाठी मांडलेल्या घरात बायांच्या हातांची आठवण बोलायला लागली.

वानवडीच्या शिंदे छत्रीत थोडाच वेळ मिळाला. 12 फेब्रुवारी 1794 ला महादजी शिंदे इथं वारले. दिल्लीच्या राजकारणावर ज्यांचा हात होता ते गृहस्थ पुण्याच्या एका ओढ्याकाठी विसावले.

आगाखान पॅलेसमध्ये मात्र बस गप्प होते. 1892 साली, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधलेला हा महाल पन्नास वर्षांनी तुरुंग झाला. ऑगस्ट 1942 मध्ये गांधीजींना आणि त्यांच्या माणसांना इथं आणलं. आठवडा पुरा व्हायच्या आत, 15 ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले. 22 फेब्रुवारी 1944 ला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबा गेल्या. मागच्या बागेत दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. पुरुष मंडळी पाटी वाचत होती. बायका वाचत नव्हत्या, त्या थेट बांच्या समाधीकडं गेल्या. गुरुजींच्या पत्नींनी चपला लांब काढल्या, पिशवीतून आणलेलं जास्वंदीचं फूल ठेवलं आणि दगडावरून हात फिरवला, जसा आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात. ‘बाईमाणूस तुरुंगातच गेली गं,’ असं सुनेला म्हणावं तसं त्या मला म्हणाल्या. मी अनेकदा या रस्त्यावरून गेले आहे. त्या वाक्यानंतर मला हा महाल पूर्वीसारखा नुसता देखणा वाटत नाही.

नदी ओलांडताना दादानं पानशेतचा पूर सांगितला. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं आणि काठच्या पेठा बुडाल्या. मग कात्रजचं प्राणिसंग्रहालय. लोक वाघ आणि साप बघायला उतरले, लहान मुलं धावत सुटली. मी तलावाकडं पाहत राहिले. सकाळी कारंज्यापाशी जी वाट संपताना पाहिली होती, तिचा उगम इथं होता. बसच्या दिवसात शेवट आधी आला आणि आरंभ नंतर.

परतीच्या रस्त्यावर गुरुजींनी विचारलं, ‘फुल्यांचा वाडा केव्हा?’ आमच्या फेरीत तो नव्हता. वेळ कमी, गंज पेठेतले रस्ते अरुंद. गुरुजी काही बोलले नाहीत, पण उतरल्यावर आम्ही तिघं रिक्षानं गेलो. छोटं घर, अंगण, तुळशीवृंदावन. आपल्याला मिठात पुरावं अशी जोतीरावांची इच्छा होती. नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले आणि त्यांच्या अस्थी या अंगणात राहिल्या. गुरुजी वृंदावनाला नमस्कार करून लगेच दुसरीकडं वळले, त्यांना हौद बघायचा होता. 1868 साली, ज्यांना कुठल्याही पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्यासाठी जोतीरावांनी आपल्या घरातला हा हौद खुला केला. ‘आमच्या बापाला गावच्या आडावर ओंजळीत वरून पाणी घालायचे,’ गुरुजी म्हणाले. मग बराच वेळ काठावर हात ठेवून उभे राहिले.

कात्रजचं पाणी डोंगरातून शहरात आणायला राज्य लागलं, कारागीर लागले, पैसा लागला. तेच पाणी पेठेतून शेजारच्या माणसाच्या ओंजळीत जायला आणखी शंभराहून अधिक वर्षं लागली, आणि ते एका नवरा-बायकोनं आपल्या अंगणात करून दाखवलं. पुण्याची सहल या हौदापाशी पुरी होते, असं माझं ठाम मत आहे. शहर दाखवणाऱ्यांनी दिवसातली वीस मिनिटं इथं काढून ठेवावीत. प्राणिसंग्रहालयात कमी थांबलं तरी चालेल. आणि तुमच्या बसच्या यादीत हा वाडा नसेल, तर उतरल्यावर स्वतः जा. शनिवारवाड्यापासून अंतर साधारण दोन किलोमीटर आहे, चालत अर्ध्या तासात पोचता येतं.