लेकीची मुलाखत आणि आमची तयारी

२०२४ साली दौंडच्या रेल्वे वसाहतीतील आमच्या दोन खोल्यांत महिनाभर रोज रात्री अमेरिकेची कचेरी भरत असे. जेवणे आटोपली की थोरलीचे बाबा लोखंडी खुर्चीवर बसत आणि थोरली समोर उभी राहत असे. धाकट्याने इंग्रजी प्रश्न वहीत देवनागरीतून लिहून दिले होते. "व्हाय धिस युनिव्हर्सिटी?" बाबांचा तो उच्चार ऐकून आम्ही सगळे हसत असू. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

थोरलीला भूजलशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेत प्रवेश मिळाला होता. शिक्षणाचा भार राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीने उचलला. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी राज्य शासन वर्षाला अशा ७५ शिष्यवृत्त्या देते. पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे अर्ज करावा लागतो. पण व्हिसाची फी १८५ डॉलर आणि विद्यार्थी नोंदणीची ३५० डॉलर, म्हणजे ४४-४५ हजार रुपये, आधी आम्हालाच उभे करावे लागले. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत.

त्या धास्तीने आम्ही पुण्यातील एका सल्लागाराकडे गेलो. तो म्हणाला, "वडील ट्रॅकमन आहेत असं सांगू नका. रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात आहेत म्हणा. परत का येणार विचारलं, तर गावी बागायत आहे म्हणा." आमच्याकडे गुंठाभर जमीन नाही. तरीही माणूस शिकलेला, अनुभवी, म्हणून आम्ही मान डोलावली.

त्या रात्री बाबांनी वहीतला प्रश्न वाचला, "व्हॉट डझ युअर फादर डू?" थोरलीने पाठ केलेले उत्तर घडाघडा म्हटले. बाबांनी वही मिटली. "आता उद्या बघू," म्हणाले आणि ड्युटीचे बूट पुसत बसले. घरात कुणी बोलेना. ज्या कामावर आमच्या चौघांचे पोट चालले, तेच काम आम्ही लपवायला निघालो होतो.

रविवारी एस.टी. धरून शिरूरला मुलांच्या आजोळी गेलो. मामा शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले व म्हणाले, "हा विद्यार्थी तिकडेच राहणार असं अमेरिकेचा कायदा आधीच धरून चालतो. परत येणार हे आपण पटवून द्यायचं असतं. पण खोटं सापडलं, तर कायमचं दार बंद होऊ शकतं." मग त्यांनी बाबासाहेबांची गोष्ट काढली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करीन, असा करार करून १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली परतले आणि बडोद्याला रुजूही झाले. जातीपायी तिथे राहायला जागा मिळेना, म्हणून नोकरी सोडावी लागली; पण दिलेल्या शब्दाला जागून ते आले होते. "त्यांच्याकडे तरी कुठं बागायत होती?" मामा म्हणाले.

आजी चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "तू पाण्याचंच शिकाय चाललीस ना गं? मग आपल्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, ते सांग की त्यान्ला."

थोरलीने तिथेच वही मागितली. विहिरी कशाने आटतात, बोअर किती खोल गेल्या, परत आल्यावर पुण्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेसारख्या ठिकाणी काय काम करता येईल, हे तिने आपल्या शब्दांत लिहिले. पुढचे दिवस आम्ही कागद तपासले. पासपोर्ट, विद्यापीठाचे पत्र, शिष्यवृत्तीचे पत्र, ऑनलाइन अर्ज, सगळीकडे नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, ते अक्षर अक्षर लावून पाहिले. अर्जातही बाबांचे काम जसे आहे तसेच भरले.

रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पहिल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो झाले. दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखत होती. आत मोबाईल नेता येत नाही, आई-बापांनाही जाता येत नाही. तिचा मोबाईल आणि भाकरीचा डबा घेऊन आम्ही बाहेर फुटपाथवर उभे राहिलो.

ती बाहेर आली. मुलाखत जेमतेम चार मिनिटांची झाली, पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर, असे तिने सांगितले. बाबांनी हळूच विचारले, "माझं काय सांगितलंस?"

"ट्रॅकमन. त्यांना कळलं नाही, मग सांगितलं, बाबा रूळ सांभाळतात म्हणून गाड्या नीट धावतात. आम्हीही त्याच रुळांवरून आलो."

बाबा काही बोलले नाहीत. डबा उघडून त्यांनी पहिली भाकरी तिच्या हातावर ठेवली.

प्रश्नांची ती वही आम्ही जपून ठेवली आहे. शिरूर-दौंड भागातील कुणाच्या मुलामुलींना हवी असल्यास खुशाल उतरवून घ्यावी. प्रश्न जवळपास तेच असतात. उत्तरे मात्र ज्याची त्याने घरच्या माणसांत बसून, घरचीच लिहावीत.