फाडण्याआधी

दुसरीच्या वर्गात जुन्या वह्यांचा कागद करायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला काळजी होती ती ओल्या गणवेशांची. अडलं भलतीकडेच. "चला, वह्या फाडा," असं आम्ही म्हणालो आणि एकाचाही हात हलेना. एक मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, इसमें बिस्मिल्ला लिखेली है. कैसा फाडूं?"

आम्ही गप्प झालो. बी.एड.च्या पाठ-टाचणात हा प्रश्न नव्हता. आमच्या घरात मात्र होता. रस्त्यात उर्दू अक्षरांचा कपटा दिसला की अम्मी तो उचलून भिंतीच्या फटीत ठेवायच्या. आणि आम्ही 'फाडा' म्हणून मोकळे झालो होतो!

काम थांबवलं. मुलांनी पानन् पान चाळलं. अल्लाहचं नाव, आयत, दुआ असलेली पानं मशिदीतल्या पेटीत द्यायला कापडी पिशवीत ठेवली. उरली बेरजा-वजाबाक्यांची आणि मराठी बाराखडीची पानं. त्यांच्या पिना काढून, बारीक तुकडे करून रात्रभर भिजत घातले. सकाळी मिक्सरमध्ये लगदा केला, पाण्याच्या टबात कालवला. जुन्या फोटोफ्रेमला मच्छरदाणीची जाळी ताणून चाळणी केली होती. ती आडवी बुडवायची, सपाट वर उचलायची, पाणी निथळलं की सुती कापडावर उलटी करून हलकेच दाबायची. कुणाचा कागद जाड झाला, कुणाचा मधेच फाटला.

मुलं कामात असताना आम्ही त्यांना दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची गोष्ट सांगितली. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, तिच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले, असं सांगतात. त्यांच्या वस्तीला नाव पडलं कागजीपुरा. तेही असंच चिंध्या कुटून, लगदा करून हातानं कागद उचलत. "मतलब ये अपनाच काम है?" एकानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे अब्बा शाळेत आले. चेहरा उतरलेला. "बच्चों से किताबां फडवाए बोले?" आम्ही बोलण्याआधीच मुलीनं पिशवी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी दोन-चार पानं पाहिली, पिशवीचं तोंड नीट बांधलं. मग दोरीवरचा एक सुकलेला कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला.

"पेटीत मीच नेऊन टाकतो," ते म्हणाले.

यंदाही कागद करणार आहोत. पण पहिला तास पानं निवडण्याचा.