मसुदा सगळ्यांचा, पण पेन कुणाच्या हातात?

आज एक कबुली देतो.

काही वर्षांपूर्वी शेणव्याजवळच्या एका पाड्यावर पाण्याची बैठक होती. अक्षर बरं म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं. एक मावशी तावातावानं बोलल्या, "भाऊ, बोअरिंगचं पाणी तांबडं येतं. पांढरं कापड धुवायची सोय नाही. लिवून घे." मी लिहिलं. घरी पक्कं करताना मात्र वाद नको म्हणून "पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली" एवढंच ठेवलं. पुढच्या बैठकीत मावशींनी विचारलं, "माझं बोलणं गेलं कुठं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे आठवलं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, वाचताना. 2012 च्या आवृत्तीत लोहाची मर्यादा लिटरला 0.3 मिलिग्रॅम होती. 2015 च्या दुरुस्तीत ती 1.0 झाली. म्हणजे 0.6 मिलिग्रॅम लोह असलेलं पाणी आधी नापास, नंतर पास. विहीर तीच, पाणी तेच. बदलला तो कागद.

बदल बरोबर की चूक, ते तज्ज्ञ सांगतील. माझा प्रश्न साधा आहे, तो करतं कोण? भारतीय मानक ब्युरोची तांत्रिक समिती मसुदा करते. तिच्यात तज्ज्ञ, उद्योग, सरकारी खाती, ग्राहकांचे प्रतिनिधी असतात. मग मसुदा हरकतींसाठी खुला होतो. कुणीही लिहू शकतो, पण कलम क्रमांक, सुचवलेला बदल आणि कारण देऊन. कुठली हरकत घ्यायची, कुठली सोडायची, हे पुन्हा समितीच ठरवते. दार उघडं आहे, खरंय. पण तांबडं पाणी पिणारी मावशी त्या दारापर्यंत पोचणार कशी?

भातसा, तानसा आमच्याच तालुक्यात. पाणी मुंबईला, अन् उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. म्हणून पाण्याच्या कागदातला एकेक शब्द आम्हाला महाग पडतो.

दिल्लीचं पेन लांब आहे. ग्रामसभेचं आपल्या समोर आहे. सही करण्याआधी इतिवृत्त मोठ्यानं वाचायला लावा. काय खोडलं, काय घातलं, कुणी आणि का, ते विचारा. लिहिणारा मी असलो तरी विचारा.

मावशींचं वाक्य मी पुढच्या बैठकीत लिहिलं. "तांबडं" या शब्दासकट.