जाहिरातीच्या कोपऱ्यातला नंबर

सिंहगड रोडला माझं छोटं ऑफिस आहे. फ्लॅटची खरेदी-विक्री जुळवून देणं हे माझं काम. कुणी एजंट म्हणतं, कुणी दलाल म्हणतं, बिल्डरची माणसं हल्ली ‘चॅनेल पार्टनर’ म्हणतात. गिऱ्हाईक ऑफिसची पायरी चढतं त्याच्या कितीतरी आधी त्याने आमची जाहिरात मोबाइलवर वाचलेली असते. घर कुठे आहे, केवढं आहे, केवढ्याला आहे आणि कधी मिळणार, एवढ्या चार ओळींवर माणूस कर्जाची चौकशी करायला लागतो, गावाकडची जमीन विकायचा विचार करतो, सोनं गहाण टाकतो. म्हणून या चार ओळी कशा लिहाव्यात, कुठे काय दाखवलंच पाहिजे, याचे नियम मला फार महत्त्वाचे वाटतात. आमच्यातले बरेचजण त्यांना कटकट समजतात. मी समजत नाही.

रेराच्या आधी मी याच धंद्यात होते. तेव्हा जाहिरातीतलं क्षेत्र म्हणजे सुपर बिल्टअप. जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाऊस, वॉचमनची केबिन, सगळं फ्लॅटवाल्यांच्या डोक्यावर वाटून टाकायचं आणि त्याला ‘लोडिंग’ म्हणायचं. लोडिंग किती, ते बिल्डर ठरवणार. हजार फुटांचा फ्लॅट म्हणून घेतलेल्या माणसाला आत शिरल्यावर साडेसहाशे फूट वापरायला मिळायचे. त्याबद्दल भांडायला तोंडही नव्हतं, कारण कार्पेट एरिया कुठे छापलेलाच नसायचा. ताबा ‘लवकरच’. मंजुरीचा कागद मागितला तर साइट ऑफिसात फाइल लांबून दाखवायचे, झेरॉक्स मिळायची नाही. मला स्वतःलाही मिळायची नाही, आणि मी तर त्यांचे फ्लॅट विकत होते.

रेरा म्हणजे स्थावर संपदा कायदा. तो २०१६ चा, आणि पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. त्याचं तिसरं कलम आमच्या कामाचा कणा आहे. जमीन पाचशे चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असलेले प्रकल्प सोडले, तर नोंदणी झाल्याशिवाय प्रकल्प विकायचा तर नाहीच, पण त्याची जाहिरातही करायची नाही. जाहिरात केलीच तर नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता त्यात ठळक हवा. क्षेत्र मोजायचं ते कार्पेट, आणि कार्पेट म्हणजे नेमकं काय हेही कायद्यातच लिहिलं: आतल्या भिंतींची जागा धरायची, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. मी ही व्याख्या मराठीत लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. समोर बसलेली माणसं ती बोट ठेवून वाचतात.

पुढे नियम आणखी बारीक होत गेले. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाने, जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड. त्याच वर्षी आम्हा एजंटांनाही प्रशिक्षण घेऊन परीक्षेला बसवलं. माझ्याबरोबर परीक्षेला साठी उलटलेले एक काका होते, चाळीतल्या खोल्यांपासून दलाली करत आलेले. ते म्हणाले, “ताई, मला पहिल्यांदाच वाटतंय की आपलं काम हे एक शिकायचं काम आहे.” मला ते फार पटलं.

क्यूआर आला तरी लोकांनी पळवाट काढलीच. अख्ख्या पानावर इमारत, तलाव, हसरं कुटुंब, आणि खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात नंबर. क्यूआर इतका बारीक की फोनच्या कॅमेऱ्याला तो सापडायचा नाही. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये महारेराने जागाच ठरवून दिली. नंबर, संकेतस्थळ आणि क्यूआर हे जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात हवेत, आणि नंबरची अक्षरं बिल्डरच्या फोन नंबरच्या अक्षरांइतकी किंवा त्याहून मोठी हवीत. हे वाचून आमच्या ग्रुपवर बरीच चिडचिड झाली. आता अक्षरं किती मोठी हेही सरकार सांगणार का, असं एकाने लिहिलं. मी त्याला लिहिलं की हो, सांगावंच लागतं, कारण लपवायचं ते नेहमी बारीक अक्षरांतच लपवतात.

जाहिरात म्हणजे फक्त पेपरातली किंवा होर्डिंगवरची, असा पुष्कळांचा समज आहे. कायद्यात कुठल्याही माध्यमातली, कुठल्याही रूपातली प्रसिद्धी धरली आहे. एकदा एका बिल्डरच्या मार्केटिंगमधला मुलगा माझ्याकडे नव्या प्रकल्पाचं ‘प्री-लाँच’ घेऊन आला. नोंदणी व्हायची होती. चित्र तयार होतं, दर तयार होता, खाली ‘रेरा नंबर लवकरच’ असं लिहिलं होतं. बुकिंग म्हणायचं नाही, ‘ईओआय’ म्हणायचं, म्हणजे नुसती खरेदीची इच्छा, आणि लाखाचा चेक घेऊन ठेवायचा.

“मॅडम, तुम्ही नुसतं स्टेटसला ठेवा,” तो म्हणाला. “चोवीस तासांत आपोआप जातं.”

“स्टेटस पण जाहिरातच आहे रे. आणि चेक घेतला तर तो चोवीस तासांत जातो का?”

त्याला वाईट वाटलं. वरून टार्गेट होतं त्याला, हे मला कळत होतं. मी त्याला चहा दिला आणि नंबर आला की ये म्हटलं. तो प्रकल्प मी घेतला नाही. माझा स्वतःचा नोंदणी क्रमांक माझ्या प्रत्येक जाहिरातीत असतो, आणि बिनानोंदणीच्या प्रकल्पात हात घालायला एजंटालाही कायद्याने मनाई आहे. त्या नंबराखाली मी ‘लवकरच’ हा शब्द येऊ देणार नाही.

नंबर दाखवला की काम झालं, असं मात्र नाही. खरं काम त्याच्या पुढे आहे. आंबेगावकडच्या एका प्रकल्पाची जाहिरात मोबाइलवर घेऊन एक जोडपं आलं होतं. दादा कात्रजला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघायचे, वहिनी घरी शिवणकाम करायच्या. जाहिरातीत सगळं नियमाने होतं. उजवीकडे वर क्यूआर होता, नंबर स्पष्ट होता. साइटवर जाऊन आले होते, सॅम्पल फ्लॅट आवडला होता, टोकन द्यायचं ठरलं होतं. ओळखीतून माझ्याकडे आले ते एवढंच विचारायला की दर ठीक आहे का.

मी म्हटलं, “दादा, हा चौकोन स्कॅन केला होतात का?”

“नाही. रेरा आहे ना, म्हणजे सरकारने तपासलंय.”

हे वाक्य मी रोज ऐकते. त्यांच्याच फोनवर क्यूआर उघडला आणि फोन मध्ये ठेवला. आधी नोंदणीचा नंबर तपासला. बिल्डरचं नाव जाहिरातीतल्या ब्रँडपेक्षा वेगळं होतं. तसं असू शकतं, प्रत्येक प्रकल्पाला निराळी भागीदारी कंपनी काढतात. पण करारनाम्यावर हेच नाव येणार, म्हणून वहिनींनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं. मग इमारतीनिहाय सदनिकांचा तक्ता काढला. त्यांच्या टाइपच्या फ्लॅटचं कार्पेट ४३.६० चौरस मीटर. महारेरावर सगळं चौरस मीटरमध्ये असतं आणि आपण फुटांत विचार करतो, इथेच माणसं गोंधळतात. १०.७६४ ने गुणायचं. वहिनींनी गुणाकार केला, ४६९ फूट आले. साइट ऑफिसातल्या कागदावर ‘६५० सेलेबल’ लिहिलं होतं. दर फुटाला स्वस्त वाटत होता तो या साडेसहाशेने भागल्यामुळे.

नंतर तारीख. साइटवर सांगितलं होतं, ताबा यंदाच्या दिवाळीत. नोंदीत पूर्णत्वाची आधीची तारीख होती आणि तिच्याखाली सुधारित तारीख, दिवाळीच्या दीड वर्ष पुढची. दादांनी तिथूनच साइटवर फोन लावला. पलीकडचा माणूस सहज म्हणाला, “ती रेरा पझेशनची डेट आहे सर, आमचं टार्गेट पझेशन दिवाळीच आहे.” ही दोन तारखांची भाषा आता सगळीकडे रूढ झाली आहे. उशीर झाल्यावर व्याज मागायचं असेल, तर करारात लिहिलेली तारीखच चालते, आणि करारात तोंडची दिवाळी येत नाही. दादांचं भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही एकदम चालणार होते. दिवाळीपर्यंतचा मेळ त्यांनी बसवला होता. त्यापुढच्या दीड वर्षाचा नव्हता.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग वहिनी म्हणाल्या, “हे सगळं इथेच होतं, तर जाहिरातीत का नाही लिहीत?”

हा प्रश्न मी तेव्हापासून जिथे संधी मिळेल तिथे विचारते. जाहिरात नंबर दाखवते, आणि नंबरामागे कार्पेट, सुधारित तारीख, कर्जाचा बोजा, चालू खटले, मंजूर नकाशे असं सगळं आहे. पण ते उघडायला माणसाला माहीत असावं लागतं. किमतीच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत कार्पेट आणि नोंदीतली तारीख छापायला लावली, तर निम्मी फसगत तिथेच थांबेल. क्यूआरची जागा ठरवता येते, तर याचीही ठरवता येईल.

नोंद कितपत खरी, हा त्याहून गंभीर भाग. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आम्हा सगळ्यांना हादरवून गेलं. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून त्यांनी महारेराची नोंदणी मिळवली होती. म्हणजे जाहिरातीत नंबर होता, नंबरामागे पान होतं, आणि पानावरची परवानगीच खोटी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. आत कर्ज काढून घर घेतलेली माणसं राहत होती. ‘रेरा आहे ना’ म्हणूनच त्यांनी घर घेतलं होतं. बांधकामाचं प्रारंभ प्रमाणपत्र महापालिकेकडून पडताळून घ्यायची पद्धत महारेराने सुरू केली, ती अगदी आवश्यक होती. मी आता गिऱ्हाइकाला प्रमाणपत्रावरचा क्रमांक घेऊन बांधकाम विभागात विचारून यायला सांगते. एक सुट्टी जाते. जाऊ दे.

घरांच्या खरेदी-विक्रीच्या पोर्टलवर जाहिरात चढवताना आणखी एक गोष्ट रोज सलते. फॉर्ममध्ये क्षेत्राचे तीन रकाने असतात, कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप. कोणता भरायचा ते भरणाऱ्यावर. त्यामुळे एकाच इमारतीतले एकाच मापाचे फ्लॅट यादीत तीन मापांचे दिसतात. एकच फ्लॅट पाच एजंटांच्या नावाने पाच किमतींना दिसतो, आणि त्यातल्या दोघांनी तो पाहिलेलाही नसतो. नवीन प्रकल्पांच्या बाबतीत हे टाळणं सोपं आहे. एजंटाने क्रमांक टाकावा आणि बाकीची माहिती महारेराच्या नोंदीतून थेट यावी, हाताने बदलता येऊ नये.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिने घर घेतलं तेव्हा मी मुद्दाम चौकशी केली. तिथे दलालांची सामायिक यादी असते, मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस म्हणतात. दुसऱ्याकडचं घर आपल्या वेबसाइटवर दाखवायला मुभा आहे, पण ते मूळ कोणत्या ब्रोकरेजकडे आहे हे तिथे लिहावंच लागतं. हे मला आपल्याकडे हवंय. पण तिथलं सगळंच घेण्यासारखं नाही. ते नियम दलालांच्या संघटनेनेच केलेले. इंटरनेटवर स्वस्तात काम करणाऱ्या ब्रोकरांना यादी नाकारता येईल, अशी सोय त्यांनी नियमांत करून ठेवली, म्हणून २००५ मध्ये तिथल्या न्याय खात्याने खटला भरला आणि २००८ मध्ये तडजोड होऊन ती सोय काढावी लागली. घराची माहिती कशी दाखवायची हे ठरवणं एकट्या धंदेवाल्यांच्या हाती सोडू नये, एजंट असूनही मी हेच म्हणेन.

आपल्याकडे उघडं रान आहे ते प्लॉटचं. भोर, वेल्हे, मुळशीकडच्या जमिनींची रील रोज दिसतात. ड्रोनमधून डोंगर, धरणाचं पाणी, ‘फार्महाऊस प्लॉट, सुलभ हप्ते’. प्लॉट पाडून विकणं हाही प्रकल्पच आहे, त्यालाही नोंदणी लागते. नंबर विचारला की उत्तर येत नाही, किंवा ‘शेतजमीन आहे, रेरा लागत नाही’ असं येतं. मग सात-बारावर वीस-पंचवीस नावं सामायिकात चढतात आणि आपला तुकडा कोणता हे कुणालाच दाखवता येत नाही. जाहिरात मानक परिषदेची मदत घेऊन महारेरा ऑनलाइन जाहिरातींवर लक्ष ठेवते आणि नोटिसा काढते, हे चांगलं आहे. पण रील काढून टाकलं की दुसऱ्या नावाने दुसरं येतं. तक्रार करणारा निदान नाव-गाव देणारा हवा, म्हणून मी स्क्रीनशॉट काढून तक्रारी करते.

आंबेगावच्या त्या दादा-वहिनींनी टोकन दिलं नाही. पुढे त्यांनी माझ्याकडूनच धायरीत, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतला रीसेल फ्लॅट घेतला. नव्यापेक्षा लहान, पण भाडं लगेच थांबलं.

जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटला क्रमांकाचा नियम नाही. मी त्याच्या जाहिरातीतही टेप लावून मोजलेलं कार्पेट, भोगवटा प्रमाणपत्राची तारीख, सोसायटीचं अभिहस्तांतरण झालं आहे की नाही आणि महिन्याचा मेंटेनन्स लिहिते. मालक कधीकधी नको म्हणतात. मी त्यांना सांगते, येणारा माणूस हे विचारणारच आहे, मग त्याला आधीच कळू दे. पोर्टलच्या फॉर्ममध्ये यातल्या बऱ्याच गोष्टींना रकाना नाही, म्हणून वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींतच त्या टाकते.