डावं चाक का तापतंय

कोल्हापूर

चि. बाळ,

पुढचं डावं चाक तापतं, गाडी डावीकडे ओढते आणि गॅरेजवाल्यांनी पॅड व डिस्क दोन्ही बदलायला सांगितलंय, असं तू लिहिलंस. अजून काहीही विकत आणू नकोस. ब्रेक का धरून राहतोय ते कळेपर्यंत घातलेले नवे पॅडही तसेच जळतील.

पेडल दाबलं की ब्रेक ऑइल कॅलिपरमधल्या पिस्टनला पुढे ढकलतं, हे तुला माहीत आहे. पण सोडल्यावर त्याला मागे कोण आणतं? ड्रममध्ये असते तशी स्प्रिंग इथे नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. पिस्टन पुढे जाताना ती किंचित मुरडते, दाब गेला की सरळ होते आणि सरळ होताना पिस्टनला मागे ओढते. हे मागे येणं मिलिमीटरच्या काही अंशाएवढंच. इतकी वर्षं कॅलिपर खोलतोय, तरी या रिंगचं मला अजून अप्रूप वाटतं. तिचा जोर मात्र बेताचाच. पिस्टनवर थोडा गंज चढला किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्या, की तिचं काही चालत नाही. रत्नागिरीच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात तुझी गाडी उघड्यावर उभी होती, हे विसरू नकोस.

आधी सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर जा, ब्रेक शक्य तितका कमी वापर. थांबताना गाडी आपोआप हळू होऊ दे. मग प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन धग बघ. डिस्कला बोट लावू नकोस, वर पाणीही ओतू नकोस. एकटं डावं चाक तापलं असेल तर दोष त्या चाकापाशीच आहे. पुढची दोन्ही किंवा चारही तापली असतील, किंवा एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं, तर मास्टर सिलिंडर आणि पेडलकडे बघावं लागेल. पायपुसणं पेडलखाली अडकलंय का, पाय काढल्यावरही मागचा ब्रेकचा दिवा लागलेला राहतो का, हे तर आत्ताच बघून घे.

आता चाक उचल. मागच्या चाकांना दगड लाव, हँडब्रेक ओढ, गिअर न्यूट्रलला ठेव आणि जॅक लावल्यावर गाडी घोडीवर टेकव. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करायचं नाही, इथे माझं ऐकच. पेडल जोरात दाबून सोड आणि चाक हाताने फिरव. पॅड हलका घासल्याचा आवाज येणारच, त्याची काळजी नको. चाक जड फिरलं तरच पुढे जा.

खरा निवाडा कॅलिपरच्या एअर काढायच्या निपलवर होतो. चाक जाम असतानाच निपलला नळी लाव, तिचं दुसरं टोक बाटलीत सोड, डोळ्यांवर चष्मा घाल आणि रिंग पान्याने निपल थोडा सैल कर. साधा पाना वापरलास तर निपलचे कोपरे झिजतील. ऑइल जोरात बाहेर आलं आणि चाक लगेच मोकळं झालं, तर दाब लाइनमध्ये अडकला होता. एकाच चाकाला असं होत असेल तर होस पाइपवर पहिला संशय घे. तो बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतलं रबर फुगलं की ऑइल जातं आणि परत येत नाही. निपल सोडूनही चाक जडच राहिलं, तर पाइपचा दोष नाही. पिन, पिस्टन किंवा खाचेत गंजून बसलेला पॅड, यांपैकी काहीतरी अडलंय.

मग कॅलिपर उतरव. तो तारेने बांधून ठेव, होसवर लोंबकळू देऊ नकोस. पिना हाताने सरकल्या पाहिजेत. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला असेल तर पिना किंवा पिस्टन धरल्याचा संशय घे. पिना साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लाव. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. कुठली पिन वर होती आणि कुठली खाली, हे काढतानाच खूण करून ठेव. पिना मोकळ्या असूनही पिस्टन क्लॅम्पने आत जात नसेल, तर कॅलिपर उघडावा लागेल. ते काम मात्र घरी करू नकोस.

जोडणी झाली की एअर काढ, पेडल कडक लागेपर्यंत गाडी हलवू नकोस. त्याच वेळी सगळं ऑइलही बदल. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. धरलेल्या ब्रेकने डिस्क तापत राहिली आणि ते उकळलं, की पेडल सरळ खाली जातं. नवरात्रात ताईला अंबाबाईच्या दर्शनाला घेऊन येणार आहेस. रत्नागिरीला परतताना अख्खा आंबा घाट उताराचा आहे. म्हणून हे काम त्याआधी व्हायला हवं. नाहीच झालं, तर दोघं एसटीने या.

निपल सोडल्यावर काय झालं ते लगेच कळव. होस निघाला तर कुठला घ्यायचा ते मी बघतो.

तुझा मामा