घराणं विचारणारे गृहस्थ

गोव्याच्या सासष्टीतल्या कुठल्याही गावात या गृहस्थांची ओळख करून घ्यावी लागत नाही, लोकच करून देतात. नाव पोर्तुगीज पासपोर्ट. अंगात गडद तांबडा कोट, वर सोनेरी अक्षरं आणि तोरा जुन्या भाटकार जमीनदारासारखा.

'शिक्षण किती, काम काय येतं' असलं ते विचारत नाहीत. एकच प्रश्न: 'आजा कधी जन्मला?' गोवामुक्तीच्या, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मला असेल, तर तो यांच्या लेखी पोर्तुगीज. मग मुलगा आणि नातूही त्याच वाटेने. त्यामुळे हयातीत ज्या आज्याला कुणी नीट विचारलं नाही, त्याच्या जन्मदाखल्यासाठी आता नातवंडं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात.

स्वभाव भलताच किरकिरा. पोर्तुगीज कारकुनाने जुन्या दप्तरात कामतांना 'कामोती' आणि प्रभूंना 'पोरोबो' करून ठेवलेलं. आधार कार्डावर मात्र साधे कामत, साधे प्रभू. दोन्ही माणसं एकच, हे यांना पटवून देण्यावर कितीतरी वकिलांची चूल पेटते.

ऐट लिस्बनची, पण यांचं बोट धरून माणसं गेली ती बहुतेक इंग्लंडला, स्विंडन नाहीतर साउथॉलला. इंग्लंड युरोपीय संघात होतं तोवर संघातल्या नागरिकाला तिथे कामाचा परवाना लागत नव्हता. गोदामात खोकी भरायची, विमानतळावर साफसफाई करायची. पण पगार पौंडात. तसा पगार गल्फनेही दिला होता. पण तिथे नोकरी सुटली की बॅग भरावी लागे, आणि कमी पगारवाल्याला बायकापोरं न्यायची सोय नव्हती. हे गृहस्थ म्हणाले, 'सगळ्यांना घेऊन ये. पोरांना सरकारी शाळा फुकट.' एवढ्यावरच लोक भुलले.

३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटने ती मोकळीक संपवली. आधी जाऊन राहिलेले बचावले. गृहस्थ जरा ओशाळले, पण लगेच सावरले; आता आयर्लंड, जर्मनीची नावं सांगतात.

भारताच्या निळ्या पासपोर्टाबरोबर मात्र यांना एका कपाटात राहता येत नाही. पोर्तुगालची त्याला हरकत नाही, पण भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही. निळा जमा करायचा, मताचा हक्क सोडायचा, आणि आपल्याच वाड्यावर हक्काने यायला परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड काढायचं. पंचायतीत कोण किती खातो याची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस मतदानादिवशी घरी बसतो.

गावच्या चर्चच्या फेस्ताला सुट्टीवर आलेल्या तरुणाला शेजारी कौतुकाने विचारतात, "पोर्तुगाल कसं आहे रे?"

तो म्हणतो, "बरं असेल. रजा मिळाली की बघून येईन म्हणतो."