आढीतला वकील

डॉक्टर व्हायला किती वर्षे लागतात, हे आपल्याकडे कुणीही सांगतो. इंजिनिअरची चार वर्षे तर पोपटसुद्धा सांगेल. पण वकील व्हायला किती वर्षे लागतात असे विचारले, की उत्तरच मुळी वकिली मिळते : ‘ते अवलंबून आहे.’

आमच्या थोरल्या ताईच्या सासरी, कोकणात, जमिनीच्या वाटपाचा दावा आहे. आहे म्हणजे भाच्याच्या जन्माआधीपासून आहे. वकिलांची फी, एस.टी.चे भाडे आणि कोर्टासमोरच्या हॉटेलातली मिसळ ह्यांत गेलेल्या पैशांत दुसरी तेवढीच जमीन आली असती, असा भाऊजींचा हिशेब. तेव्हा रोज दूध विकत घेण्यापेक्षा दारात म्हैसच बांधावी, ह्या न्यायाने भाच्याला वकील करायचे ठरले.

2018 साली तो बारावी झाला. वाटा दोन होत्या. बारावीनंतर सलग पाच वर्षांचा अभ्यासक्रम, नाहीतर पदवीनंतर तीन वर्षांचा. पाचापेक्षा तीन कमी, म्हणून भाऊजींनी तीन वर्षांची वाट धरली. आधीच्या बी.कॉम.ची तीन मिळवून सहा होतात, हे बी.कॉम.ची फी भरल्यावर उजेडात आले. (भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले आहेत.)

पूर्वी बरे होते. 1967 सालापर्यंत पदवीनंतर दोन वर्षांत कायदा उरकत असे. त्याहून बरे विलायतेत. गांधीजी 1888 साली लंडनला गेले आणि 1891 च्या जूनमध्ये बॅरिस्टर झाले. तिथे बारा सत्रे भरावी लागत, आणि सत्र भरणे म्हणजे काय, तर जेवणे! दर सत्रात चोवीसेक जेवणे असत, त्यांतल्या निदान सहांना हजर राहायचे. चौघांमागे दारूच्या दोन बाटल्या मिळत आणि गांधीजी तर पीत नसत. त्यामुळे त्यांना आपल्या चौकडीत घ्यायला मंडळी टपलेली असत. एवढे करून मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, तर तोंडातून शब्द फुटेना. घेतलेली तीस रुपये फी परत करून ते निघून आले. ही गोष्ट मी भाच्याला धीर यावा म्हणून सांगितली. ताईने तेवढे नेमके ऐकले. म्हणाली, ‘‘म्हणजे इतकी वर्षं शिकूनसुद्धा बोलता येत नाही?’’

2021 साली प्रवेश परीक्षा देऊन भाचा एकदाचा लॉला गेला. 1860 सालचे भारतीय दंड विधान त्याने कलमागणिक पाठ केले. झोपेत ‘तीनशे दोन’ म्हणून ओरडायचा. 2024 साली शेवटची परीक्षा संपते न संपते तोच, 1 जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि सगळे नंबर बदलले. खून 103 वर गेला, फसवणूक 318 वर. भाऊजींच्या चुलतभावाला घरात वीस वर्षे ‘चारशेवीस’ म्हणायची पद्धत. भाच्याने दुरुस्ती सुचवली. आजी म्हणाल्या, ‘‘नंबर बदलून माणूस बदलतो होय रे?’’

मग सनद. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सनदेची फी कायद्यातल्या साडेसातशे रुपयांवर आणून ठेवली होती. काळा कोट त्याच्या कितीतरी पट महाग पडला. सनद आल्यावर आता झाले असे वाटले, तर अखिल भारतीय बार परीक्षा उरलीच होती. ती कायद्याचे पुस्तक उघडून लिहिता येते, हे ऐकून भाऊजींना तिचा आदर वाटेना. 

पास झाल्यावर भाचा तालुक्याला एका सीनिअर वकिलांकडे लागला. काम म्हणजे फायली उचलणे, पुकाऱ्याकडे कान ठेवणे आणि सीनिअर दुसऱ्या कोर्टात असले की मुदतीचा अर्ज देणे. ज्युनिअरला खेड्यात महिना निदान पंधरा हजार द्यावेत, अशी बार कौन्सिल ऑफ इंडियाची 2024 सालची शिफारस आहे. ती सीनिअरांनी वाचली असावी. पण शिफारसच ती. न्यायाधीश व्हावे म्हटले, तर 2025 च्या मे महिन्यात त्यालाही तीन वर्षांची वकिली सक्तीची झाली. म्हणजे आमचा वकील अजून आढीतच. सव्वीस वर्षांच्या मुलाने बसभाड्याला आईपुढे हात करायचा, हे मात्र हसण्यासारखे नव्हते. तो खाली बघायचा. ताई डब्यातून शंभराची नोट काढून न बोलता त्याच्या खिशात सरकवायची.

शेवटी भाऊजींनी दाव्याची फाईल त्याच्यापुढे ठेवली. भाच्याने ती उघडलीसुद्धा नाही. ‘‘बाबा, ज्या दाव्यात वकिलाचा स्वतःचा पैशाचा हितसंबंध असतो, तो त्याने वकील म्हणून चालवू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. ह्या जमिनीत माझाही हिस्सा आहे.’’

भाऊजी मटकन खाली बसले. आठ वर्षे म्हैस पोसली आणि आता दूध घरात चालत नाही!

‘‘हे तुला आधी नाही कळलं?’’ ताईने विचारले.

‘‘तिसऱ्या वर्षाला असतो तो पेपर.’’

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी कोपऱ्यात वाती वळीत होत्या. नातू कोर्टात आपल्यासाठी उभा राहिलेला बघायचा, म्हणून त्यांनी डोळ्यांचे ऑपरेशन करून घेतलेले. त्या म्हणाल्या, ‘‘मग दुसऱ्या कुणाच्या म्हातारीसाठी उभा राहा. मी येईन बघायला.’’

गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतल्या एका बाईंचे, बांधाच्या भांडणातले, पहिले वकीलपत्र भाच्याला मिळाले. आजी रिक्षाने कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसल्या. भाचा बोलला, दोन मिनिटे, पण बोलला. बाईंनी फी म्हणून साडेतीनशे रुपये आणि एक फणस दिला. फणस बरका निघाला. पैसे आजींच्या उशाखाली आहेत, आणि आमच्या दाव्याला उन्हाळी सुट्टीनंतरची तारीख पडली आहे.